पंधरा सह्या

८ जानेवारी २००५, शनिवार

मला पलंगावर चादर घालता येत नाही, असा आज निकाल लागला. वय एकोणपन्नास, बावीस वर्षं डॉक्टरकी, त्यातली अकरा वर्षं सांता बिबियानाच्या सरकारी रुग्णालयाचा प्रमुख. आणि आज इलोइलो शहरातल्या नर्सिंग कॉलेजात चोवीस वर्षांच्या मॅडमनी भर वर्गात सांगितलं, "मिस्टर तोर्देसियास, कोपरा तिरका दुमडून आत खोचायचा असतो. हे गाठोडं झालंय. सोडा, परत घाला." चार वेळा घातली. पाचव्यांदा त्यांनीच हात टेकले.

या रिया मॅडम म्हणजे आमच्याच गावातल्या गाल्वेसांची धाकटी. अकरा वर्षांची असताना तिचं अपेंडिक्स मी काढलं, तेव्हा भोकाड पसरून अख्खा वॉर्ड जागा केला होता बयेनं. आता तिला मॅडम म्हणायचं. वर्गातल्या बावीस जणांत एकोणीस डॉक्टर, दोन दातांचे, एक डोळ्यांची. सगळे नर्स व्हायला आलोय.

कारण उघड आहे. अमेरिकेत डॉक्टर म्हणून जायचं तर या वयात पुन्हा सगळं पहिल्यापासून. नर्स म्हणून जायचं तर आधी इथली, मनिलाच्या सरकारची, नर्सिंगची परीक्षा, मग तिथली, मग इंग्रजीची, आणि बायकोमुलीला बरोबर नेता येतं. नेलिडाच्या, म्हणजे बायकोच्या, मावसभावाने टेक्सासमधल्या एका रुग्णालयात शब्द टाकून ठेवलाय. ते पन्नाशीच्या आतला माणूस घेतात. मला नोव्हेंबरात पन्नास पूर्ण होतात. म्हणजे जूनची परीक्षा मिळाली तर मिळाली, नाहीतर विषय संपला.

अर्जाची शेवटची तारीख १५ एप्रिल. अर्जाबरोबर पंधरा केसेसचा तक्ता लागतो. पाच ऑपरेशनमध्ये नर्स म्हणून हत्यारं द्यायची, पाच बाळंतपणांत मदत करायची, पाच नवजात बाळांची नाळ बांधून पहिली देखभाल करायची. प्रत्येक ओळीपुढे तिथल्या मुख्य नर्सची सही. ऑपरेशनच्या पाच शहरात कराव्या लागतील, कारण आमच्या रुग्णालयात कापणारा मी एकटाच, आणि स्वतःच्याच हातात हत्यार द्यायची सोय नाही. बाकीच्या दहा आपल्याकडे केल्या तरी कॉलेजची हरकत नाही. त्या झाल्यातच जमा आहेत, मुख्य नर्स आपलीच.

साडेतीन तास बसमध्ये उभा राहून आलो. पाठ मोडून गेलीय.

१० जानेवारी

आमच्या मुख्य नर्स, पानिंग मानांग, नाही म्हणाल्या.

मानांग म्हणजे थोरली बहीण. गावात वयाने मोठ्या बाईला तशीच हाक मारतात, आणि या तर माझ्या आधी सात वर्षं या रुग्णालयात आहेत. दार लावून घेतलं, तक्ता पुढे ठेवला. म्हटलं, "मागच्या वर्षीच्या रजिस्टरातून दहा बाळंतपणं काढा, तारखा टाका आणि सही करा. मी तिथं होतोच ना?"

"होता की."

"मग?"

"तुम्ही डॉक्टर म्हणून होता, डॉक. इथं लिहिलंय नर्सने केलेलं काम."

"अहो, हजारो बाळंतपणं केलीत मी!"

"केलीत ना. त्यातल्या एका तरी बाळाला पुसलंत? बाळ हातात घ्यायचं, माझ्या हातात द्यायचं, टाके घालायचे आणि हातमोजे फेकून बाहेर. त्यापुढचं कधी बघितलंय?" चष्मा पुसत पुसत बोलत होत्या, आवाज जरासुद्धा चढला नाही. "मी जे बघते त्याच्यावर सही करते. तुम्ही करा, मी बघते."

मी या बाईंचा वरिष्ठ आहे. बाहेर येऊन कारकुनावर विनाकारण खेकसलो.

१४ जानेवारी

पहिली केस. बेबिंगने, आमच्या सुईणीने, बाळंतपण केलं. बाळ घ्यायला मी. घेतलं, नाळेला चिमटा लावला, कापली, बांधली. सगळं झकास. तसंच उचलून वजनकाट्यावर ठेवलं.

"काटा थंड आहे," मागून मानांग.

"एक मिनिटाचा तर प्रश्न."

"तुम्हाला उघडं करून त्या पत्र्यावर बसवते एक मिनिट. टॉवेल आधी, डॉक. बाळ नंतर. कोरडा टॉवेल, दुसरा कोरडा टॉवेल, टोपी. मग बाकीचं जग."

बेबिंग हसू दाबत होती. ही केस धरली नाही. म्हणाल्या, पुढची.

२२ जानेवारी

शहरातल्या रुग्णालयात ऑपरेशन. कापणारा सर्जन माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, कॉलेजात असताना माझ्या नोट्स वापरून पास झालेला. मी हत्यारं घेऊन शेजारी. मध्ये रक्त दिसलं आणि माझा हात आपोआप आत गेला. त्याने माझ्या बोटांवर चापट मारली. खरंच मारली. "नर्स, हात टेबलावर."

शेवटी कापसाच्या घड्या मोजायच्या असतात, एकही आत राहता कामा नये. मी मोजल्या एकोणीस. हव्या होत्या वीस. परत मोजल्या, वीस भरल्या. आजवर इतक्या ऑपरेशनमध्ये माझ्या मागे उभं राहून कुणीतरी मोजत होतं, आणि मी "झालं का, झालं का" म्हणून ओरडत होतो.

सही मिळाली. एक झाली.

२ फेब्रुवारी

मानांग सूड उगवतायत, दुसरं काही नाही. आज तीन तास मला हत्यारं उकळायच्या खोलीत उभं केलं. वाफेचं यंत्र वीज कमी आली की बंद पडतं, मग मागचं बटण काडीने दाबून धरायचं, झाकण सोमवारी बदलायचं, ऑक्सिजनची तिसरी टाकी भरलेली दाखवते पण रिकामी असते. मी विचारलं, "पंधरा केसेसमध्ये हे कुठं येतं?"

"माझ्या सहीत येतं."

मग औषधांचं कपाट. मग कुठल्या आयाला रात्रपाळी द्यायची नाही आणि का. मग स्वयंपाकघरात जाऊन बाळंतिणीसाठी शेवग्याची पानं घातलेला कोंबडीचा रस्सा कधी टाकायचा. मी म्हटलं, "मानांग, मला टेक्सासला जायचंय, तिथं शेवगा नाही."

"माहीत आहे," म्हणाल्या, आणि तांदळाच्या पिंपाकडे घेऊन गेल्या.

घरी आल्यावर नेलिडा म्हणाली, "सेल्मो, तोंड का असं?" मी सांगितलं. ती वह्या तपासत होती, मान वर न करता म्हणाली, "आमच्या शाळेत नवीन मास्तर आला की जुनी मास्तरीण असंच सगळं दाखवते." मी म्हटलं, "मी नवीन आहे का?" तिने पुढची वही ओढली.

११ फेब्रुवारी

बाळंतपणाला मदत, चौथी. आज भांडण झालं.

मूल झालं, वार पडली, सगळं स्वच्छ. मी हातमोजे काढले. मानांगनी स्टूल पुढे सरकवलं. "बसा."

"का?"

"पहिले दोन तास. दर पंधरा मिनिटांनी पोटावर हात ठेवायचा. गर्भाशय घट्ट आहे का, रक्त किती जातंय, बाई काय बोलतेय."

"मला माहीत आहे, मानांग, मीच तर सूचना लिहितो."

"लिहिता ना. म्हणूनच करणारं कुणी लागतं."

"बाहेर ओपीडीत साठ माणसं बसलीत. मी मध्येमध्ये येऊन बघेन."

"मध्येमध्ये," त्या म्हणाल्या. मग स्टूल आणखी पुढे सरकवून, "एकोणीसशे शहाण्णवची ती शिक्षिका आठवते? तिलाही सगळे मध्येमध्ये बघत होते."

आठवते. बाळंतपणानंतर रक्त जाऊन गेली ती, माझ्यावर कुणी ठपका ठेवला नव्हता. मी चिडून बोललो, तेही आवाज चढवून, बाळंतीण बिचारी घाबरली. मग बसलो. दोन तास. काही झालं नाही. बाई झोपली, मूल झोपलं, मलाही पेंग आली. बाहेरच्या साठ जणांतले वीस कंटाळून निघून गेले. ही काय काम करायची पद्धत झाली?

सही मात्र केली त्यांनी.

१८ फेब्रुवारी

माझ्या इंग्रजीच्या परीक्षेच्या कॅसेट मानांगनी भाचीसाठी मागून नेल्या. परत देताना म्हणतात, "डॉक, ही माणसं तोंडात बटाटा ठेवून बोलतात का हो?" म्हटलं भाचीला सांगा, सवय होते.

शनिवारी हल्ली त्या नसतात. दाताचं काम चाललंय म्हणे शहरात. इतके दात आहेत तरी किती तोंडात! आणि या उकाड्यात, पंखा बंद असताना, दुपारी बसून जाड लोकरीचा स्वेटर विणत असतात. तोही भाचीला. भाची अंगाने बरीच भरलेली दिसते, बाह्या मानांगच्याच मापाच्या आहेत.

सकाळी नेहमीचा कागदांचा गठ्ठा आणून ठेवला, मी उभ्याउभ्या सह्या ठोकल्या. वाचत बसलो तर रुग्ण कधी बघू.

एकंदर नऊ झाल्या. सहा राहिल्या.

५ मार्च

आज वर्गात कळलं की परदेशी नर्स पाठवणाऱ्या एजन्सीने जूनच्या तुकडीतली दोन नावं कमी केली. एक जण पन्नाशी ओलांडलेला, वय चोरून बसला होता. दुसऱ्याच्या तक्त्यात एकाच दिवशी तीन बाळंतपणं, तीन वेगळ्या गावांत. तिकडची परवाना देणारी मंडळी आता प्रत्येक सहीची चौकशी करतात, फोन लावतात, मुख्य नर्सला विचारतात. जानेवारीत मानांगनी सही केली असती तर? पण हे त्यांना सांगायची माझी तयारी नाही. आधीच काय कमी ऐकून घेतोय?

२४ मार्च, पवित्र गुरुवार

ओपीडी बंद. गाव देवळात. नेलिडा आणि पोरगी मिरवणुकीला गेल्या. मी घरी पडून आहे. उठवत नाही.

थकलोय असं मी कुणाला म्हणत नाही, इथं लिहितो. तीस वर्षांचा असताना एका हाताने अर्भक धरून, टॉर्च दातांत पकडून ऑपरेशन केलेलं आहे मी. तेव्हा वाटायचं, आणखी दोन वर्षांत सरकार दुसरा सर्जन देईल. दिला. डॉक्टर इल्देफोन्सो. चार वर्षं टिकला. गेल्या साली नर्स होऊन टेक्सासला गेला. त्याचं पत्र येतं: रोज आठ तास, त्यानंतर कुणी दार ठोठावत नाही. मी त्याच्या पत्रातलं ते एकच वाक्य परत परत वाचतो. बाकी गाडी, घर, बर्फ यांचं मला काही नाही. दार कुणी ठोठावू नये, बास.

मी गेल्यावर इथं कोण, हा विचार येतो. येऊन जातो. सरकारने करावा तो विचार.

चौदा झाल्या. एक राहिली.

४ एप्रिल

आजचं आजच लिहून ठेवतो.

मानांग गठ्ठा घेऊन आल्या. मी पेन काढलं. त्या म्हणाल्या, "हा वरचा वाचा."

"मी कधी वाचतो का?"

"म्हणूनच म्हणते, हा तरी वाचा."

सेवामुक्तीचा कागद. एपिफानिया दुमालाओग, मुख्य नर्स, एकोणतीस वर्षं सेवा, अकरा एप्रिलपासून मुक्त. कारण: परदेशी नोकरी. इंग्लंड.

मी कागद दोनदा वाचला. मग म्हटलं, "परवान्याला अनुभवाचा दाखला लागतो. रुग्णालय प्रमुखाच्या सहीचा."

"आहे ना. तुम्ही केलीत सही. फेब्रुवारीत. एक्स-रे फिल्मच्या मागणीखाली होता."

"आणि चारित्र्याचा?"

"त्याच्याखाली."

"लपवलंत माझ्यापासून!"

"तुम्ही काय गावात दवंडी पिटली होतीत का, डॉक?"

दात, भाची, कॅसेट, स्वेटर! आणि मी डॉक्टर म्हणवतो, लक्षणं बघून रोग ओळखतो. डोकं फिरलं माझं. म्हटलं, "बावन्न वर्षं वय तुमचं, तिथं जाऊन काय करणार?"

"पहिले सहा महिने शिकाऊ. त्यांची मुख्य नर्स माझं काम बघणार, पटलं तर सही करणार. तिचं वय सत्तावीस." पहिल्यांदाच हसल्या. "नवरा जाऊन अकरा वर्षं झाली, डॉक. पोरगा मनिलात, फोन करत नाही. मी रोज सकाळी हे दार उघडते आणि रोज वाटतं, आज कुणीतरी दुसऱ्याने उघडावं. बाकी काही नाही."

मला वाटत होतं असं फक्त मलाच वाटतं.

कागदावर खाली एक ओळ असते, विभागाचा ताबा कुणाकडे दिला. तिथं त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं: ए. तोर्देसियास. म्हणजे मी.

"हे काय?"

"दुसरं कुणाचं नाव घालू? नवी मुख्य नर्स द्यायला सरकारला वर्ष लागेल. धाकट्या नर्सला टाकीतला ऑक्सिजन संपला तरी कळत नाही. बेबिंग सुईण आहे. सगळं माहीत असलेला माणूस एकच आहे."

"मी जूनच्या परीक्षेनंतर जाणार!"

"हो," त्या म्हणाल्या. "सही करा."

केली. काय करणार? पण मनातून फार राग आला, अजून आहे. जाणाऱ्याने जाणाऱ्याच्या गळ्यात टाकायचं हे काम नव्हे. निदान मला विचारायचं तरी.

८ एप्रिल

पंधरावी. नाळ बांधली, पुसलं, टोपी घातली, डोळ्यांत थेंब, मग काटा, त्यावर गरम टॉवेल अंथरलेला. मानांग कोपऱ्यात उभ्या होत्या. एक अक्षर बोलल्या नाहीत. सगळं उरकून मी वळलो तर त्या खिडकीकडे तोंड करून नाक पुसत होत्या. सर्दी झालीय म्हणाल्या.

पंधराव्या ओळीपुढे सही. मी तक्ता दोनदा मोजला. पंधरा.

१० एप्रिल, रविवार

निरोपाची मेजवानी. अख्खं गाव. भाजलेलं डुक्कर, नूडल्सची पातेली, चिकट भाताच्या पानात बांधलेल्या सुरळ्या, आणि माईकवर गाणी. बेबिंग ढसाढसा रडली आणि रडतारडता तीनदा वाढून घेतलं. मला भाषण करायला लावलं. मी म्हटलं, "मानांग पानिंगनी मला चादर घालायला शिकवली." सगळे हसले. मला पुढचं बोलता येईना, तेही त्यांना विनोदच वाटला.

निघताना त्या नेलिडाच्या कानात काहीतरी म्हणाल्या. विचारलं तर नेलिडा सांगत नाही.

१३ एप्रिल

मानांग परवा गेल्या. आजपासून सगळे मलाच विचारतात. "डॉक, झाकण कुठलं?" "डॉक, पुढच्या आठवड्याच्या पाळ्या?" "डॉक, रस्सा आत्ता टाकू की दुपारी?" मी उत्तरं देतो. ओपीडी दोन तास उशिरा सुरू झाली.

कॉलेजातून फोन आला. गुणपत्रिकेचं मोहोरबंद पाकीट शुक्रवारीच मिळणार, डीन बाहेरगावी होते. म्हणजे पंधरालाच. आधी कॉलेज, मग परवाना कचेरी, पाचला खिडकी बंद. गणवेशाशिवाय कॉलेजच्या फाटकातून आत सोडत नाहीत. नेलिडाने पांढरा गणवेश काढून इस्त्री केला. पोटावर आवळतोय.

मी गणवेश घालून आरशासमोर उभा राहिलो. पोरगी म्हणाली, "पापा, तुम्ही खरेच वाटता." खरा काय, ते बोलली नाही.

१५ एप्रिल

गेलो नाही.

नेलिडाला सांगून झालं. तिने ऐकून घेतलं. "मावसभावाला काय सांगू?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, सांग बस चुकली. ती म्हणाली, "खोटं कशाला सांगायचं? बस तर तुझ्या डोळ्यांसमोरून गेली असेल." मग आत जाऊन बराच वेळ भांडी वाजवत होती. पोरगी माझ्याशी बोलत नाहीये. ती कॉलेजातल्या मैत्रिणींना सांगून बसली होती.

नीट लिहितो. सहाची बस धरायची म्हणून पांढरा गणवेश घालून साडेपाचला रुग्णालयात डोकावलो, नुसत्या किल्ल्या द्यायला. दारात डोंगरातली एक बाई, मारिसिल नाव, शेजारीण बरोबर. कळा देत होती, पहिलटकरीण, अंगात ताकद नाही. आमची धाकटी नर्स डेंग्यूच्या दोन पोरांपाशी अडकलेली. बेबिंग म्हणाली, "डॉक, बाळ घ्यायला कुणी नाही." म्हटलं, ठीक, आठची धरतो. आठ वाजता डोकं दिसत होतं. म्हटलं, सव्वादहाची. ती शेवटची. त्यानंतरची एकला सुटते आणि साडेचारला पोचते, तिचा काही उपयोग नाही.

नऊ चाळीसला मुलगी झाली. टॉवेल, टॉवेल, टोपी. वार पडली. सगळं स्वच्छ. दहाला दहा कमी. बसस्टँड तीन मिनिटांवर.

बेबिंग म्हणाली, "जा आता, डॉक. पळा."

"इथं?"

"आतल्या खोलीत दुसरी बाई कळा देतेय, तिच्याकडे मी. इकडे मध्येमध्ये बघते ना."

पिशवी उचलली होती मी. तक्ता, फोटो, दाखले, सगळं पिशवीत. दारापर्यंत गेलोही. मग परत येऊन स्टुलावर बसलो. बेबिंगला वाटलं काही बिघडलं, धावत आली. काही बिघडलं नव्हतं. पोटावर हात ठेवला, गर्भाशय घट्ट होतं. पंधरा मिनिटांनी परत, घट्ट. सव्वादहाला बाहेर बसचा हॉर्न ऐकू आला, लांबलचक, तो ड्रायव्हर तसाच वाजवतो. बाईने विचारलं, "कसला आवाज?" म्हटलं, बस.

मी काही त्याग वगैरे केला नाही, हे इथं स्पष्ट लिहून ठेवतो. बाई दगावली असती असंही नाही. दोन तासांत काही म्हणजे काही झालं नाही. तिने पाणी मागितलं, दिलं. मुलीला छातीशी लावता येईना, लावून दिलं. तिला रस्सा हवा होता, सांगून आणवला. मला उठायचा कंटाळा आला होता इतकंच. डॉक्टर म्हणून गेलो असतो तर चाललं असतं, माझं काम संपलं होतं. पण स्टूल समोर होतं, आणि पाय दुखत होते.

पावणेबाराला तिचा नवरा आला. डोंगर उतरून पायी, चप्पल हातात, पोटऱ्यांपर्यंत चिखल. बायकोला बघितलं, पोरीला बघितलं, हात लावायला भ्याला. मग माझ्याकडे एकदा बघून हळूच तिला विचारतो, "डॉक्टरांनी बघितलं का तुला?"

"डॉक्टर कुठले यायला," मारिसिल म्हणाली. "हे म्हातारे नर्स आहेत ना, तेच होते. पहाटेपासून आहेत. एकदाही उठून गेले नाहीत."

मी तोंड उघडलं. मी डॉक्टर आहे, इथला प्रमुख आहे, असं सांगणार होतो. त्या माणसाने टोपी काढली आणि दोन्ही हातांनी माझा हात धरला. त्याला म्हटलं, आधी हात धुऊन या, मग मुलीला घ्या.